मदत हवी आहे: जुन्या बॉक्सच्या हॉर्नला नवीन युनिट बसेना

मंडळी, आमच्या भजनी मंडळाकडे १५ इंची वूफर (जाड आवाजाचा स्पीकर) आणि वर हॉर्न (बारीक आवाजाचा भोंगा) असे दोन बॉक्स आहेत. वडिलांनी १९९६ साली गावात वर्गणी काढून घेतलेले. लाकूड, जाळी, वूफर अजून ठणठणीत. गेल्या एकादशीला हरिपाठ चालू असताना एका बॉक्समधून आधी खरखर, मग जळका वास, आणि हॉर्न गप्प. आता त्या बाजूला पखवाज ऐकू येतो, पण टाळ गोधडीखाली वाजवल्यासारखे. महाराजांचे स, श, च तर सगळे गिळलेच जातात.

हॉर्नच्या मागे बसणाऱ्या, आवाज काढणाऱ्या त्या युनिटचा डायफ्रॅम (आतला थरथरणारा पातळ पडदा) कुठे मिळेना, म्हणून दोन नवीन १ इंची युनिट आणले. इथेच घोळ झाला. जुनं युनिट हॉर्नच्या मानेवर फिरवून बसतं, मानेला बाहेरून आटे आहेत. नवीन दोन बोल्टवालं, भोकांमधलं अंतर ७६ मिमी. लेथवाल्याकडून मधली चकती करून घेतली: एका बाजूने आटे, दुसऱ्या बाजूला दोन भोकं. पण ती दोन-अडीच वेढे छान जाते आणि मग आवळते. लेथवाला म्हणतो, पान्याने जोर द्या, बसेल. मान ॲल्युमिनियमची आहे, माझा धीर होईना.

दुसरी शंका: जुन्या युनिटवर १६ ओहम (विजेला होणारा अडथळा) लिहिलंय, नव्यावर ८. मीटरवर दुसऱ्या बॉक्समधलं चांगलं जुनं ११ दाखवतं, नवीन ६. क्रॉसओव्हरमध्ये (जाड आणि बारीक आवाज वेगळे करणाऱ्या सर्किटमध्ये) हॉर्नच्या लाइनला ४.७ मायक्रोफॅरडचा एकच कंडेन्सर आहे. तसंच जोडू का? दत्तजयंतीचा सप्ताह तोंडावर आलाय.

प्रतिसाद १:
पान्याला हात लावू नका! लेथवाल्याने ३५ मिमीला दीड मिमीचे आटे पाडलेत, पैज लावतो. हॉर्नची मान बहुतेक १ ३/८ इंच, म्हणजे ३४.९ मिमी, आणि इंचाला १८ आटे. म्हणजे एक वेढा १.४१ मिमीचा. दिसायला सारखंच, पण प्रत्येक वेढ्याला थोडा फरक पडत जातो आणि तिसऱ्याला अडकतं. जोर दिलात तर चकती शाबूत राहील आणि मानेचे आटे सोलून निघतील. त्याला चकतीऐवजी जुनं युनिटच नेऊन द्या, आतले आटे मोजून तसेच पाडू दे. तयार ॲडॅप्टरही मिळतात, स्क्रूवरून बोल्टवर जाणारे. चकती करायचीच तर पातळ करा, मधलं भोक २५ मिमी आणि आत कुठेही पायरी नको. युनिट आणि चकतीमध्ये गॅस्केट (फट बुजवणारी मऊ चकती) टाका, फट राहिली तर तिथून सुसाट हवा फुसफुसते. आणि नवीन युनिटचं मॅग्नेट जड असेल तर मागून पत्तीचा आधार द्या, सगळं वजन मानेवर लोंबकळत ठेवू नका.

प्रतिसाद २:
तसंच जोडू नका, दादा. ४.७ चा कंडेन्सर १६ ओहमला साधारण २१०० हर्ट्झपासून वर सोडतो. तोच ८ ला लावला की ४२०० वर जातो. मधली पट्टी हॉर्नही वाजवणार नाही आणि वूफरही नीट नाही, आणि शब्द कळतात ते तिथेच.

दोन उपाय. दुसरा ४.७ समांतर लावा, ९.४ झाले की पुन्हा २१०० वर. पण युनिटवर पॉवर दुप्पट जाते. मला दुसरा आवडतो: कंडेन्सर तोच ठेवा आणि युनिटच्या आधी ८.२ ओहम, २० वॉटचा वायरवाउंड (तार गुंडाळलेला) रेझिस्टर सिरीजमध्ये, म्हणजे एकामागे एक, डाग द्या. लाइनला १६ च दिसतात, क्रॉसओव्हर जागचा हलत नाही आणि युनिटला जुन्याच्या निम्मी पॉवर मिळते. हॉर्न किंचित हळू वाटला तर मिक्सरवर ट्रेबल थोडी वाढवा. रेझिस्टर तापतो, लाकडाला चिकटवू नका.

कंडेन्सर नॉन-पोलरच (प्लस-मायनस नसलेला) हवा. आणि ९६ सालचा तो आता बदलाच, दहावीस रुपयांसाठी युनिट कशाला जाळता.

धागाकर्ता:
लेथवाल्याला फोन केला. "दीडचेच पाडलेत, मग काय झालं?" म्हणाला. उद्या जुनं युनिट घेऊन जातो. एक राहिलं: जळालेल्या बॉक्सलाच नवीन लावू की दोन्हींना?

प्रतिसाद २:
दोन्हींना. नाहीतर डाव्या-उजव्याचा आवाज वेगळा येईल. चांगलं जुनं जपून ठेवा, कुणाला तरी लागेलच. आणि जोडल्यावर एका बॉक्सवर बोलून बघा, मग हॉर्नच्या दोन वायरी उलटसुलट करून पुन्हा बोला. आवाज ज्यात भरीव वाटेल तेच कनेक्शन दोन्हीकडे ठेवा.