कार्नूस्टीचा अठरावा होल: सोसायटी ग्रुपवरची चर्चा

मीनल, बी-३०२: (फॉरवर्ड मेसेज) एक फ्रेंच गोल्फर जगातली सगळ्यात जुनी गोल्फ स्पर्धा जिंकल्यात जमा होता. शेवटच्या होलवर त्याचा अहंकार नडला. बूट-मोजे काढून पाण्यात उतरला, जगभर हसं झालं आणि तो पुन्हा कधीच उभा राहिला नाही. मुलांना जरूर वाचून दाखवा 🙏

मीनल, बी-३०२: परीक्षा जवळ आल्यात म्हणून टाकलंय.

कर्नल काका, ए-६०१: मीनल, तुझा हेतू चांगला आहे, पण हा मेसेज त्या माणसावर अन्याय करणारा आहे. त्याचं नाव ज्याँ व्हान द वेल्द. स्पर्धा १९९९ची ब्रिटिश ओपन, स्कॉटलंडमधल्या कार्नूस्टीला झालेली. ‘अहंकार’ही खोटं आणि ‘पुन्हा उभा राहिला नाही’ हेही खोटं. चहा झाला की सविस्तर लिहितो.

प्रसाद, सी-२०४: काका, शेवटच्या होलवर तीन शॉटची आघाडी घालवली हे तर खरं ना?

कर्नल काका, ए-६०१: ते खरं आहे. पण कशी घालवली ते नीट पाहा, मग बोलू.

सेक्रेटरी: टँकर आठला येणार आहे. बी विंगवाल्यांनी गेटसमोरच्या गाड्या कृपया काढाव्यात.

कर्नल काका, ए-६०१: आधी माणूस कोण ते सांगतो. फ्रान्सच्या नैर्ऋत्येला मों द मार्सां नावाचं गाव आहे, तिथला हा. जन्म १९६६चा. १९८७मध्ये व्यावसायिक झाला. युरोपियन टूरवर १९९३मध्ये रोमची स्पर्धा जिंकला, त्यानंतर सहा वर्षं विजय नाही. त्याच्या देशात गोल्फला टेनिस-फुटबॉलसारखं प्रेम कधी मिळालं नाही. ब्रिटिश ओपन जिंकलेला एकच फ्रेंच माणूस, आर्नो मासी, तोही १९०७ साली. ज्याँला १९९९मध्ये थेट प्रवेशसुद्धा नव्हता. पात्रता फेरी खेळून आत आला होता.

आणि कार्नूस्टी त्या वर्षी काय होतं! फेअरवे (मधली कापलेल्या गवताची पट्टी) अरुंद करून ठेवलेले, दोन्ही बाजूंना गुडघाभर गवत, वरून समुद्रावरचा वारा. सर्जिओ गार्सिया तेव्हा १९ वर्षांचा, सगळे ज्याच्याकडे डोळे लावून बसलेले, त्याने पहिल्या दिवशी ८९ शॉट मारले (गोल्फमध्ये जितके कमी तितके चांगले). चार दिवसांत एकही खेळाडू पारच्या खाली राहिला नाही. अशा कोर्सवर ज्याँने ७५, ६८, ७० मारले आणि रविवारी पाच शॉटची आघाडी घेऊन उतरला. टायगर वुड्स मागे होता. हे कुठल्या फॉरवर्डमध्ये येत नाही.

अथर्व, बी-३०२: आजोबा, पार म्हणजे नक्की काय?

कर्नल काका, ए-६०१: त्या होलला चांगल्या खेळाडूने किती शॉट घ्यावेत याचा ठरवलेला आकडा, बाळा. कार्नूस्टीचा अठरावा होल पार चारचा. ज्याँला सहा चालणार होते, म्हणजे दोन जास्तीचे. त्याला सात लागले.

प्रसाद, सी-२०४: हाच तर माझा मुद्दा. सहा चालत असताना ड्रायव्हर, म्हणजे सगळ्यात लांब मारणारा क्लब, कशाला काढायचा? साध्या आयर्नने (कमी लांब, पण नेमका मारणारा क्लब) फेअरवेवर ठेवायचा, मग एक छोटा शॉट, मग ग्रीन (होलभोवतीचं बारीक गवत), दोन पट (हळूच ढकललेले शॉट). पाचमध्ये काम झालं असतं. आमच्या ऑफिसात याला सरळ सरळ निष्काळजीपणा म्हणतात.

कर्नल काका, ए-६०१: प्रसाद, टीवर (पहिला शॉट मारायच्या जागी) आयर्न काढायला हवी होती हे मला मान्य आहे. पण पुढचं वाच.

त्या होलमध्ये बॅरी बर्न नावाचा ओढा नागमोडी वळणं घेत जातो. टीवरून मारताना तो आडवा येतो आणि ग्रीनच्या अगदी पुढ्यात पुन्हा येतो. काठ दगडांनी बांधलेले आहेत. ज्याँचा पहिला चेंडू उजवीकडे खूप लांब गेला, पण ओढ्यात पडला नाही. सतराव्या होलच्या बाजूला कोरड्या जमिनीवर, चांगल्या जागी सापडला. इथपर्यंत काहीच बिघडलं नव्हतं.

दुसरा शॉट त्याने टू-आयर्नने थेट ग्रीनकडे मारला. चेंडू उजवीकडे प्रेक्षकांच्या स्टँडकडे गेला. तो स्टँडमध्ये पडला असता, तर नियमाप्रमाणे दंड न घेता चेंडू ड्रॉप करायला, म्हणजे हाताने खाली टाकून खेळायला, मिळाला असता. तिथून पाच किंवा सहा सहज. झालं काय, चेंडू स्टँडच्या कठड्याच्या लोखंडी दांडीवर आपटला, तिथून उडून ओढ्याच्या दगडी भिंतीवर आदळला आणि उलटा फिरून ओढ्याच्या अलीकडच्या उंच गवतात येऊन पडला. दांडी, मग दगड, मग गवत. हे कुणाच्या हातात असतं?

तिसरा शॉट त्या गवतातून. गवत क्लबला इतकं गुंडाळलं की चेंडूला जोरच मिळाला नाही आणि तो ओढ्यात पडला.

सुधा आजी, ए-१०१: मग तो बूट काढून पाण्यात कशाला गेला? तोच फोटो सगळीकडे फिरतो.

कर्नल काका, ए-६०१: आजी, चांगलं विचारलंत. ओढ्यात पाणी थोडंच होतं, चेंडू दिसत होता. पाण्यातून चेंडू मारायला नियमाची आडकाठी नाही. मारता आला तर दंडाचा शॉट वाचतो. म्हणून तो बूट-मोजे काढून, पँट गुडघ्यापर्यंत गुंडाळून खाली उतरला आणि क्लब हातात घेऊन पाण्यात उभा राहिला. समोर दगडी भिंत, चेंडू पाण्याखाली. बराच वेळ त्याने अंदाज घेतला आणि शेवटी नाही म्हणाला. वर आला, दंड घेतला, चेंडू ड्रॉप केला. डोकं ठिकाणावर नसतं तर त्याने तिथेच घाव घातला असता आणि मग आठ की दहा, हिशोबच उरला नसता. फॉरवर्डवाल्यांना ज्यात मूर्खपणा दिसतो, तो त्या होलवरचा त्याचा सगळ्यात शहाणा निर्णय होता.

पाचवा शॉट ग्रीनच्या बाजूच्या बंकरमध्ये, म्हणजे वाळूच्या खड्ड्यात. आता बघा, सोबत खेळणारा ऑस्ट्रेलियाचा क्रेग पॅरी, त्याचाही चेंडू त्याच बंकरमध्ये होता. पॅरीने वाळूतून मारला आणि तो थेट होलमध्ये गेला! ज्याँला अगदी तसाच शॉट हवा होता, तो लागला असता तर सहा झाले असते आणि कप त्याचा होता. त्याचा चेंडू सहा-सात फुटांवर थांबला.

आता तो पट. सगळी आघाडी गेली आहे, पाय ओले आहेत, जग पाहतंय. चुकला तर प्ले-ऑफसुद्धा (बरोबरी झालेल्यांची जादा लढत) नाही. तो पट त्याने आत घातला. मुलांना काही दाखवायचंच असेल तर मला वाटतं तो पट दाखवा.

मीनल, बी-३०२: काका, हे मला खरंच माहीत नव्हतं. मग जिंकलं कोण?

कर्नल काका, ए-६०१: पॉल लॉरी. स्कॉटलंडचाच, अ‍ॅबरडीनचा. त्याच्यावर तर दुहेरी अन्याय झालाय. रविवारी सकाळी तो दहा शॉट मागे होता. सगळ्यांची दमछाक होत असताना त्याने ६७ मारले. मेजर स्पर्धेत (गोल्फच्या मोजक्या सगळ्यात मोठ्या स्पर्धांपैकी एकीत) शेवटच्या दिवशी इतकं मागून येऊन तोवर कुणीच जिंकलं नव्हतं. मग लॉरी, ज्याँ आणि अमेरिकेचा जस्टिन लिओनार्ड असे तिघं चार होलच्या प्ले-ऑफमध्ये उतरले. लॉरीने शेवटचे दोन्ही होल बर्डीने, म्हणजे पारपेक्षा एक शॉट कमी घेऊन, पुरे केले. त्याच अठराव्या होलवर त्याने चार नंबरच्या आयर्नने चेंडू होलजवळ आणून ठेवला. ज्या ओढ्यावर सगळं बिघडलं, तोच ओढा ओलांडून. पण लोक आजही म्हणतात, ‘ज्याँ हरला ती ओपन’. लॉरी जिंकला ती ओपन असं म्हणायला कुणी तयार नाही.

प्रसाद, सी-२०४: लॉरीचं पटलं. पण काका, तो हरल्यावर पुढे काय? मेसेजमध्ये म्हटलंय की करिअर संपलं.

कर्नल काका, ए-६०१: अजिबात नाही. दोनच महिन्यांनी अमेरिकेत ब्रुकलाइनला रायडर कप (युरोप विरुद्ध अमेरिका सामना) झाला. युरोपच्या संघात ज्याँ होता, रायडर कप खेळणारा पहिला फ्रेंच खेळाडू. कर्णधार मार्क जेम्सने त्याला आणि आणखी दोन नवख्यांना पहिले दोन दिवस बाहेर बसवलं आणि रविवारी एकदम डेव्हिस लव्हसमोर उभं केलं. हरला. मला आजही वाटतं की कर्णधाराची ती चूक होती. नव्या माणसाला शुक्रवारी एखादी जोडीची मॅच द्यायला हवी होती.

पुढच्या वर्षी अमेरिकेच्या पीजीए टूरवर खेळायला गेला. रीनोच्या स्पर्धेत प्ले-ऑफपर्यंत पोहोचला, स्कॉट व्हरप्लँककडून हरला. मग गुडघ्याचं दुखणं, ऑपरेशनं, मोठा काळ खेळाबाहेर. २००५मध्ये फ्रेंच ओपन खेळला, पॅरिसजवळच्या ल गोल्फ नासिओनालवर, घरच्या लोकांपुढे. तिथेही प्ले-ऑफ. समोर झाँ-फ्रान्स्वा रेमेझी, तोही फ्रेंच. तिथेही हरला. आजी, ते वाचलं तेव्हा मला मनापासून वाईट वाटलं होतं. कार्नूस्टीपेक्षा जास्त. घरच्या मैदानावर ती ट्रॉफी त्याच्या हातात बघायची होती मला.

सुधा आजी, ए-१०१: म्हणजे शेवटपर्यंत नाहीच का मिळालं बिचाऱ्याला काही?

कर्नल काका, ए-६०१: मिळालं! २००६ साली पोर्तुगालच्या मदेइरा बेटावरची स्पर्धा जिंकला. रोमनंतर तब्बल १३ वर्षांनी, वयाच्या ३९व्या वर्षी. कार्नूस्टीनंतर सात वर्षं गुडघा, हार, टोमणे हे सगळं सोसून माणूस टूरवर टिकून राहतो आणि पुन्हा जिंकतो, त्याला ‘उभा राहिला नाही’ कसं म्हणायचं?

आणखी एक. त्या पराभवानंतर काही महिन्यांनी तो कार्नूस्टीला परत गेला आणि तोच अठरावा होल फक्त पटर घेऊन खेळला, एका जाहिरातीसाठी. पटर म्हणजे ग्रीनवर हळूच ढकलायचा क्लब. तिसऱ्या प्रयत्नात त्याने सहामध्ये पुरा केला.

प्रसाद, सी-२०४: बघा! म्हणजे पटरनेसुद्धा सहा होत होते. मीच बरोबर ठरलो 😄

कर्नल काका, ए-६०१: पहिले दोन प्रयत्न फसले, तेही मोज. आणि तेव्हा कपचं ओझं डोक्यावर नव्हतं.

अथर्व, बी-३०२: आजोबा, आता फ्रान्सचं कोण चांगलं खेळतं?

कर्नल काका, ए-६०१: पुरुषांत मासीनंतर अजून एकानेही मेजर जिंकलेली नाही. २०१८चा रायडर कप पॅरिसजवळ झाला, युरोप जिंकला, पण संघात एकही फ्रेंच नव्हता. मुलींचं चित्र वेगळं आहे. सेलीन बुतिएने २०२३मध्ये एव्हियाँ चॅम्पियनशिप जिंकली, सहा शॉटने, फ्रान्समध्येच. तिचे आईवडील थायलंडहून तिकडे गेलेले. तिचा खेळ बघ, पोरांनी शिकावा इतका शांत आहे.

आणि मातिए पावों. त्याचे वडील बोर्दोचे फुटबॉलपटू. जानेवारी २०२४मध्ये सॅन दिएगोला टॉरी पाइन्सवर शेवटच्या होलला तो आघाडीवर होता. पहिला चेंडू बंकरमध्ये, दुसरा दाट गवतात, आणि ग्रीनच्या पुढ्यात तळं. कार्नूस्टीच आठवलं मला. त्याने गवतातून थेट ग्रीनवर मारला, तळं ओलांडून, होलपासून काही फुटांवर. बर्डी घेतली आणि एका शॉटने जिंकला. सगळ्यांनी त्याला वाघ म्हटलं. चेंडू दोन हात अलीकडे पडला असता तर तोही कुणाच्या तरी फॉरवर्डमध्ये गेला असता.

प्रसाद, सी-२०४: काका, पावोंची आघाडी एकाच शॉटची होती. त्याला मारणं भाग होतं. ज्याँकडे तीन होते. नशीब वाईट होतं हे मान्य, अहंकार नव्हता हेही मान्य. पण त्या दुसऱ्या शॉटला मी तरी वेज (जवळच्या शॉटचा क्लब) काढून चेंडू फेअरवेवर आणून ठेवला असता.

कर्नल काका, ए-६०१: तो स्वतः नंतर म्हणाला की तसं खेळणं त्याच्या स्वभावात बसत नव्हतं. चार दिवस ज्या खेळाने त्याला पुढे आणलं, तोच खेळ तो शेवटच्या होललाही खेळला. चूक म्हण, पण त्या चुकीत घमेंड नव्हती.

प्रसाद, सी-२०४: घमेंड नव्हती, ठीक. वेजवर मात्र मी ठाम आहे.

कर्नल काका, ए-६०१: राहा ठाम. रविवारी ये वर, व्हिडिओ लावतो, दांडीवर आदळतो तिथे थांबवून पाहू. अथर्वलाही आण.