वडिलांना कोणी वाढवले? (अनुभव धागा)

वडिलांविषयी लिहायचे म्हटले की आपण बहुधा त्यांच्या कष्टांची यादी करतो आणि शेवटी हात जोडतो. या धाग्यात तसे न करता एकच प्रश्न घ्यावा, अशी विनंती आहे : आपल्या वडिलांना कोणी वाढवले, घरात वाढवले की घराबाहेर, आणि त्या वाढण्याचा कोणता अंश त्यांच्या वागण्यात तुम्हाला ओळखू येतो? लेकींनी लिहावे असे मुद्दाम म्हटले आहे, कारण मुलगे वडिलांविषयी लिहिताना स्वतःचीच त्यांच्याशी तुलना करत बसतात, असे माझे मत आहे. ज्या मुलग्यांना हे पटत नाही त्यांनीही अवश्य लिहावे. कुटुंबीयांची नावे मात्र देऊ नयेत. सुरुवात मी करते.

माझ्या वडिलांना, म्हणजे तात्यांना, आईवडिलांनी वाढवले असे म्हणता येत नाही. माण तालुक्यातल्या एका कोरडवाहू गावात ते जन्मले. वडील लवकर गेले आणि चौथी होताच चुलत्यांनी त्यांना साताऱ्याला कर्मवीर भाऊराव पाटलांच्या वसतिगृहात नेऊन सोडले. भाऊरावांनी १९१९ मध्ये कऱ्हाडजवळच्या काले या गावी रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांसाठी एकत्र वसतिगृह सुरू केले, हे बहुतेकांना ठाऊक आहे. मुलांनी शेतात राबावे, खोदकाम करावे, पाणी भरावे, आपला स्वयंपाक आपण करावा आणि त्यातून शिक्षणाचा खर्च भागवावा, ही तिथली रीतही ठाऊक आहे. अशा ठिकाणी वाढलेला मुलगा पुढे स्वतःच्या घरात कसा वागतो, हे मात्र फारसे कोणी लिहिलेले माझ्या वाचनात नाही.

आई माहेरी गेली की तात्या स्वयंपाक करत, आणि त्यांची आमटी नेहमी दोन दिवस पुरे. पंगत मोठी असली तर डाळ किती घालायची, तिखट किती, पाहुणे वाढले तर पाणी किती वाढवायचे, हे सगळे त्यांच्या हाताला पाठ होते. चार माणसांच्या पातेल्यात मीठ किती पडते ते अखेरपर्यंत जमले नाही. गावात लग्न निघाले की आचाऱ्याशेजारी तात्या उभे असत, आणि अंदाज बहुधा तात्यांचाच बरोबर निघे.

आमच्याकडे जेवायला बसलेल्या माणसाचे आडनाव त्यांनी कधी विचारले नाही. लहानपणी यात काही विशेष आहे असे मला वाटत नव्हते. पुढे त्यांच्याच वयाचे, त्यांच्याइतकेच शिकलेले चुलतभाऊ आल्यागेल्याच्या आडनावावरून गाव आणि गावावरून आळी कशी काढतात ते पाहिले, तेव्हा ते लक्षात आले. समतेवर भाषण तात्यांनी घरात कधी केले नाही, ते शिकवत त्या शाळेतही केल्याचे ऐकलेले नाही. त्यांच्या दृष्टीने तो विषय वयाच्या अकराव्या वर्षी, वसतिगृहाच्या पंगतीत, मिटलेला होता.

परंतु याच वाढण्याची दुसरी बाजूही होती आणि ती आईला व आम्हाला सोसावी लागली. वसतिगृहात वस्तू ज्याला गरज असेल त्याची असते. मी नववीत असताना दिवाळीच्या सुट्टीत मामाकडे गेले, तेवढ्यात तात्यांनी माझी सायकल त्यांच्या शाळेतल्या, लांबच्या वाडीवरून पायी येणाऱ्या एका मुलीला देऊन टाकली. मला विचारायला हवे होते, हे त्यांच्या मनातही आले नाही. घरात वस्तूला मालक असतो, हे तात्यांना आईने शिकवले, आणि ते शिक्षण अर्धवटच राहिले. मायेचेही तसेच. आम्ही आजारी पडलो की तात्या रात्रभर उशाशी बसत, पण बसत ते वसतिगृहाच्या देखरेख करणाऱ्या गुरुजींसारखे : दर दोन तासांनी ताप पाहायचा, कागदावर वेळ घालून लिहायचा, औषध दिल्याची खूण करायची. कपाळावर हात ठेवून तो तिथेच राहू द्यावा, हे त्यांना कुणी केलेले नव्हते.

आजीने मला एक गोष्ट सांगितली होती. ती वर्षातून कधीतरी साताऱ्याला त्यांना भेटायला जाई, बरोबर भाकरी आणि शेंगदाण्याच्या चटणीची पुरचुंडी नेई. तात्या ती पुरचुंडी घेऊन आत जात आणि सगळ्या मुलांत वाटून रिकामे फडके परत आणून देत, कारण तिथल्या कित्येक मुलांना भेटायला कोणीच येत नसे. आजीला मुलाचा अभिमान होताच, पण हे सांगताना, इतक्या वर्षांनंतरही, ती म्हणाली, “एक तुकडा तरी माझ्यासमोर खायचा हुता.”

साचेखाते (टोपणनावाने आलेला पहिला प्रतिसाद)

आपण वसतिगृहाविषयी लिहिले आहे, म्हणून मी खोलीविषयी लिहिते. माझे वडील लालबागला खोलीत वाढले. घरात वाढणे आणि खोलीत वाढणे यांतला फरक गिरणगावातल्या माणसांना वेगळा सांगावा लागणार नाही. संगमेश्वर तालुक्यातून दहाव्या वर्षी ते मामाबरोबर मुंबईला आले आणि गावकऱ्यांच्या खोलीत राहिले. एका खोलीत एकाच गावचे वीसपंचवीस पुरुष, तीन पाळ्यांत कामाला जाणारे. पहिल्या पाळीचा माणूस उठून गेला की त्याच जागी रात्रपाळीचा येऊन आडवा होई. प्रत्येकाच्या मालकीची म्हणजे एक ट्रंक आणि भिंतीतला एक खिळा. जेवण खाणावळवाल्या मावशींकडे, पगार झाला की हिशेब. बाबांना मराठी वाचायला शाळेने शिकवले आणि वागायला खोलीने.

ते आम्हाला सतत रागावलेले वाटत, कारण ते ओरडूनच बोलत. गिरणीच्या साचेखात्यात, म्हणजे कापड विणण्याच्या विभागात, यंत्रांचा आवाज एवढा असे की शेजारच्याचे बोलणे ओठांवरून ओळखावे लागे, आणि तिथे वर्षानुवर्षे काम केलेल्यांचे कान मंदावत. बाबांचेही मंदावले होते. हे कळल्यावर माझ्या लहानपणच्या निम्म्या प्रसंगांचा अर्थ बदलला. वर्गातल्या मुलीशी मी दारात उभी राहून कुजबुजत असले तरी बाबांना खोलीच्या टोकावरून सगळे समजते, याची मला वाटणारी भीतीही खरीच होती, कारण ते ऐकत नव्हते, वाचत होते.

१८ जानेवारी १९८२ ला सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले, त्यांत बाबा होते. त्या वेळी आम्ही डिलाईल रोडला एका चाळीत राहत होतो, म्हणजे खोली सुटून बाबांना पुष्कळ वर्षे झाली होती. तरीही आठवडे आणि महिने उलटून काही कामगार परत आत जाऊ लागले तेव्हा आईने विचारले, “तुम्ही कधी जाणार?” बाबांनी सांगितले की खोलीतले कोणी गेले नाही. आई अर्थातच संतापली. तिच्या दृष्टीने आमचे घर म्हणजे पाच माणसे होती. बाबांच्या दृष्टीने ती पाच आणि आणखी पंचवीस. तो संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. बाबा वर्षभर गावी भावाची शेती करत राहिले, नंतर उपनगरात एका इमारतीवर पहारेकरी झाले. संपाच्या नेत्यांना किंवा मालकांना त्यांनी घरात शिव्या दिल्याचे मला आठवत नाही, आणि आपला निर्णय चुकला असेही ते कधी म्हणाले नाहीत. मला स्वतःला तो निर्णय आमच्यावर अन्याय करणारा वाटतो. तरी तो त्यांनी कोणाच्या भीतीने घेतलेला नव्हता, हेही मी जाणून आहे.

आता माझ्या भावाच्या घरी त्यांना स्वतंत्र खोली आहे. ते पलंगाच्या भिंतीकडच्या कडेला झोपतात, उरलेला पलंग मोकळा असतो.

फोंड्याची लेक

आमचे बाबा गोव्यात पोर्तुगिजांच्या अमलात वाढले. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला तेव्हा ते विशीच्या आत होते. घरात कोंकणी, देवळाच्या अग्रशाळेत (आवारातल्या धर्मशाळेत) गावाने चालवलेल्या वर्गात मराठी आणि सरकारी कागदांपुरती पोर्तुगीज, असे त्यांचे शिक्षण झाले. आमच्या आजोबांनी त्यांना एकच धडा पुन्हा पुन्हा दिला : बोलण्याआधी आजूबाजूला पाहावे आणि लिहिण्याआधी दोनदा पाहावे. त्या राजवटीत छापील मजकूर आधी तपासून घ्यावा लागे. लग्नाच्या आमंत्रणपत्रिकाही त्यातून सुटत नसत.

माझे लग्न ठरले ते मुक्तीनंतर तीस वर्षांनी. पत्रिकेचा मसुदा बाबांनी स्वतः लिहिला, पेन्सिलीने, आणि मग तो घेऊन ते गावातल्या तीन वयोवृद्धांकडे गेले. शुद्धलेखनासाठी जातात असे आम्हाला वाटले. परत आल्यावर मसुद्यात एकही काना-मात्रा बदललेली नव्हती. त्यांना दुरुस्ती नको होती. कुणीतरी पाहून “चालेल” म्हणायला हवे होते. पंचायतीत साधा उतारा आणायला जातानाही ते इस्त्रीचे कपडे घालत आणि मूळ कागद कोणाच्या हाती देत नसत. आमच्या मुलांना ते आजोबांचे विक्षिप्तपण वाटे. मला वाटत नाही. गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा की वेगळा ठेवायचा यावरच्या १९६७ च्या जनमत कौलाच्या वेळी गावात घरोघरी वाद होत असताना बाबांनी आपले मत कोणत्या बाजूला दिले ते आईलाही सांगितले नव्हते, आणि ती शेजारच्या खोलीत निजत होती असे नव्हे.

भाची

वरचे तिन्ही अनुभव मी आदराने वाचले, परंतु मला थोडे वेगळे म्हणायचे आहे आणि ते थोडक्यात म्हणते. माझ्या वडिलांचे बालपण सावत्र आईच्या हाती फार वाईट गेले. उपाशी ठेवणे, मारणे, शाळेतून काढून गुरांमागे पाठवणे, हे सारे झाले. माझ्या वडिलांनी आम्हा बहिणींना मारले, तेव्हा आजूबाजूच्या प्रत्येकाने आम्हाला हीच हकिगत ऐकवली, जणू आमच्या पाठीवरचे वळ आजीनेच उठवले होते.

त्याच घरात, त्याच आजीच्या हाती, माझी आत्याही वाढली. तिला तर शाळा मुळीच मिळाली नाही. आत्याने तिच्या मुलांवर कधी हात उगारला नाही, आणि आम्ही तिच्याकडे पळून जात असू तेव्हा ती आम्हाला परत पोचवायला स्वतः येई व भावाला दारातच उभे राहून बोले. वडिलांचे बालपण मला माहीत आहे, त्याचे वाईटही वाटते. पण त्यांच्या वागण्याचा खुलासा म्हणून ते मी स्वीकारत नाही. असे बालपण दोघांनाही मिळाले होते.

बालाघाट

भाचीताई, तुमचे म्हणणे मला मान्य आहे, आणि त्याला उलट बाजूने पुष्टी देणारे एक उदाहरण माझ्या घरात आहे, म्हणून लिहिते. माझे वडील, आम्ही त्यांना दादा म्हणतो, बीड जिल्ह्यातले. १९७२ च्या दुष्काळात ते अकरा-बारा वर्षांचे होते आणि आजीबरोबर खडी फोडायला जात. दुष्काळी कामावर मिळणारी सुकडी (पौष्टिक कोरडा खाऊ) आणि परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी यांच्या आठवणी मराठवाड्यात त्या वयाच्या कोणालाही विचारल्या तर निघतात. दादांना मात्र खाण्यापेक्षा हजेरी जास्त आठवते. हजेरीपटावर नाव कोण लिहितो, कोणाचा खाडा उगाच लावतो, मोजमापात किती कापतो आणि पगाराला किती दिवस बसवून ठेवतो, हे त्यांनी त्या वयात पाहिले. आजीला लिहिता-वाचता येत नव्हते. अंगठा देण्याआधी आकडा वाचून दाखवण्याचे काम दादांचे होते.

पुढे दादा ही कामे चालवणाऱ्या त्याच खात्यात कारकून झाले आणि हजेरीपट त्यांच्या हाती आला. त्यांच्याबरोबर खडी फोडलेला त्यांचा एक मित्र नंतर मुकादम झाला. ऊसतोडीच्या टोळ्यांना उचल (आगाऊ रक्कम) देऊन वर्षभर बांधून ठेवण्यात तो तरबेज आहे, आणि ‘आम्ही भोगलं, आता तुम्ही भोगा’ असे तो उघड म्हणतो. दादांनी उलटे केले. मजुरांच्या बायकांना ते आकडा मोठ्याने वाचून दाखवत, मग अंगठा घेत. त्यामुळे पगाराच्या दिवशी त्यांची रांग सर्वांत हळू सरके आणि वरिष्ठ त्यांच्यावर चिडत. आमच्या घरी भिंत पोताऱ्याने सारवायला आलेल्या बाईचे पैसे त्याच संध्याकाळी दिल्याशिवाय ते जेवायला बसत नाहीत. आई म्हणते, सुटे नसले तर उद्या द्या. दादा उठून दुकानावर जातात.

त्यांची जन्मतारीख, त्या पिढीतल्या असंख्य लोकांप्रमाणे, शाळेत गुरुजींनी घातलेली १ जून आहे, आणि सालही एखाद-दोन वर्षे पुढेमागे झालेले आहे, असे आजी सांगत असे. त्यामुळे ते खऱ्या वयाच्या आधीच निवृत्त झाले. कागदावर काय लिहिले जाते याबाबत एवढा काटेकोर माणूस, पण स्वतःच्या जन्मतारखेची दुरुस्ती करून घे म्हटले तर ते आजवर टाळत आले. गुरुजींनी शाळेत घातले तरी, एवढेच त्यांचे उत्तर असते.