निमित्त, पात्र, कौल : देव वाईट पुढाऱ्याकडूनही काम करून घेतो का?

काळाचौकी
मंडळी, एका वाक्यावर घोडं अडलंय. आमच्या गणेशोत्सव मंडळाच्या स्मरणिकेची प्रुफं तपासायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. एका ज्येष्ठ सभासदांनी लेख दिलाय. पुढारी चालीचा वाईट असला, खोटारडा असला, देवाधर्माशी त्याचा काडीचा संबंध नसला, तरी देव त्याच्या हातून आपलं काम करून घेतो, असं त्यांचं म्हणणं. त्यातलं हे वाक्य बघा : "देवाने या सदोष माणसाला निमित्त केले, तेव्हा त्याचे दोष काढणारे आपण कोण?"
बैठकीत यावरून चांगलीच जुंपली. खजिनदार म्हणाले, 'निमित्त'ऐवजी 'साधन' करा. दुसरे म्हणाले 'पात्र'. मला त्या 'तेव्हा'चीच शंका येतेय. मराठीत कुणाला 'निमित्त' म्हटलं की तो दोषातून सुटतो का?

दप्तरी
नाही सुटत. निमित्त म्हणजे कारण, पण नावापुरतं. "अल्पशा आजाराचं निमित्त होऊन" असं आपण निधनवार्तेत वाचतो. "पावसाचं निमित्त करून कामावर दांडी मारली" म्हणतो. दोन्हीकडे खरं कारण वेगळंच आहे, हे बोलणाऱ्याला ठाऊक असतं. पुढाऱ्याला 'निमित्त' म्हणताय म्हणजे त्याला आजाराच्या आणि पावसाच्या पंगतीला बसवताय. त्यात गौरव कसला?

शीवकर
दप्तरींनी बोलीतला अर्थ सांगितला, पण स्मरणिकेतल्या काकांच्या डोक्यात गीता असणार. 'निमित्तमात्रं भव सव्यसाचिन्', अकरावा अध्याय, तेहतिसावा श्लोक. यांना मी आधीच मारलंय, तू नुसता निमित्त हो. सत्काराला उत्तर देताना "मी निमित्तमात्र, कर्ता करविता तो" म्हणणाऱ्या झाडून सगळ्या पुढाऱ्यांचं मूळ इथे आहे.

पण आधी हे बोलतंय कोण, ते बघा. कृष्ण अर्जुनाला म्हणतोय. अर्जुन स्वतःबद्दल असं म्हणत नाही. गीतेच्या शेवटी तो "करिष्ये वचनं तव" इतकंच म्हणतो, म्हणजे करण्याची जबाबदारी स्वतःकडे घेतो.

आणि पुढे काय होतं? महाप्रस्थानिक पर्वात पांडव हिमालयाकडे निघतात आणि एकेक करून पडतात. द्रौपदी, सहदेव, नकुल आणि मग अर्जुन. हा का पडला, असं भीम विचारतो. युधिष्ठिर सांगतो, की सगळ्या शत्रूंना एका दिवसात जाळीन अशी बढाई याने मारली, ती खरी करून दाखवली नाही, आणि इतर धनुर्धरांना तुच्छ लेखलं. म्हणजे प्रत्यक्ष भगवंताने ज्याला 'निमित्त हो' म्हटलं, त्याच्या खात्यावरही गर्व मांडलेला होताच. निमित्त झाला म्हणून कुणी तो खोडला नाही. करविता तरी सुटला का? स्त्रीपर्वात गांधारी कृष्णालाच धरते : तुझ्यात सामर्थ्य होतं, तू हे थांबवू शकला असतास, उपेक्षा केलीस. छत्तिसाव्या वर्षी तुझंही कुळ असंच आपसात लढून मरेल. कृष्ण तिला 'तू कोण विचारणार?' म्हणत नाही. तो शाप मान्य करतो.

तेव्हा 'दोष काढणारे आपण कोण' या प्रश्नाला महाभारताचं उत्तर सरळ आहे. ज्यांचं गेलं, ते.

जाता जाता, आपल्या जुन्या दर्शनांतल्या न्यायशास्त्रात घटाचं, म्हणजे मडक्याचं, निमित्तकारण कुंभारही असतो आणि त्याच्या हातातला दांडाही. पुढारी 'मी निमित्त' म्हणाला की तो स्वतःला दांडा म्हणवतोय की कुंभार, हे तपासून घ्यावं. भाषणात बहुधा दांडा असतो आणि टेंडर निघताना कुंभार.

वसईची
शीवकरकाका, तुमचा दांडा आमच्याकडे बायबलमध्ये जसाच्या तसा सापडतो. यशया संदेष्ट्याच्या पुस्तकात, दहाव्या अध्यायात, देव अश्शूरच्या राज्याला आपल्या रागाची काठी म्हणतो. बिघडलेल्या लोकांना वळण लावायला ती काठी त्यानेच उचललीय. पण काठीला वाटायला लागतं, हे सगळं माझ्या मनगटाच्या जोरावर झालं. मग प्रश्न येतो, की कुऱ्हाड तोडणाऱ्यापुढे फुशारकी मारेल काय? आणि काम उरकल्यावर मी त्या राजाच्या उन्मत्तपणाचं पारिपत्य करीन, हेही तिथेच आहे. वापरही केला आणि शिक्षाही दिली.

अमेरिकेत सध्या जो वाद चालतो तो मात्र पंचेचाळिसाव्या अध्यायावरून. तिथे इराणचा राजा कोरेश, म्हणजे सायरस, येतो. तो यहुदी नव्हता, देवाला ओळखतही नव्हता, आणि 'तू मला ओळखत नसतानाही' असं देव त्याला स्वच्छ सांगतो. तरी त्याला 'अभिषिक्त', म्हणजे देवाने निवडलेला, म्हटलंय. इसवी सन पूर्व 539 मध्ये त्याने बाबेल, म्हणजे बॅबिलॉन, घेतलं आणि बंदिवान यहुद्यांना घरी जायची मुभा दिली. 2016 पासून तिथले बरेच प्रचारक ट्रम्प म्हणजे आजचा कोरेश असं सांगत आलेत. 2018 मध्ये इस्राएलमधल्या एका संस्थेने दोघांचे चेहरे शेजारी शेजारी असलेलं नाणंही काढलं. 13 जुलै 2024 ला बटलर गावाजवळच्या सभेत ट्रम्पवर गोळीबार झाला, तो वाचला, आणि 20 जानेवारी 2025 च्या शपथविधीच्या भाषणात अमेरिकेला पुन्हा महान करण्यासाठी देवाने मला वाचवलं असं त्याने स्वतःच सांगितलं.

माझं म्हणणं एवढंच, की पंचेचाळिसावा वाचणाऱ्यांनी दहावाही वाचावा. पोथी तीच आहे. आणि त्याच पोथीतल्या दाविद राजाचं उदाहरण देणाऱ्यांनी नाथान संदेष्टा विसरू नये. दाविदाने उरियाची बायको घेतली आणि त्याला लढाईच्या तोंडावर पाठवून मारवलं. नाथान त्याला एका गरिबाच्या मेंढीची गोष्ट सांगतो, राजा चिडतो, तेव्हा नाथान म्हणतो, 'तो मनुष्य तूच'. राजा देवाने निवडलेला होता म्हणूनच संदेष्टा घरी आला. 'आपण कोण' म्हणून तो गप्प बसला नाही.

ताडदेव
कोरेशबद्दल थोडी भर. आमच्या शेजारी पारशी कॉलनीत गल्लीत 'सायरस' हाक मारली की तीन डोकी बाहेर येतात, ते हेच नाव. 2013-14 च्या हिवाळ्यात छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात ब्रिटिश म्युझियमकडून कोरेशचा तो मातीचा दंडगोल आणला होता. आकाराने फारसा मोठा नाही, लांबट पिंपासारखा, सगळ्या अंगावर बारीक खिळ्यांसारखी अक्षरं कोरलेली, एका बाजूने फुटलेला. त्यावर लिहिलंय, की बाबेलच्या मार्दुक देवाने न्यायी राजा शोधत सगळे देश पालथे घातले, कोरेशचा हात धरला आणि त्याला नावाने हाक मारली.

म्हणजे राजा एक, विजय एक, आणि निवडणारे देव दोन. यशया म्हणतो आमच्या देवाने धाडला, बाबेलचे पुजारी म्हणतात आमच्या. राजाने दोन्हीकडे मान डोलावली असणार. ज्या गावाला जावं तिथल्या ग्रामदेवतेची ओटी भरायची, ही कला आपल्याकडच्या उमेदवारांनीच काढली असं समजू नका.

काळाचौकी
शीवकर, वसईची, ताडदेव, उपकार झाले. 'तेव्हा' उडवला. त्याजागी पूर्णविराम टाकून पुढचं वाक्य प्रश्न म्हणून वेगळं ठेवलंय. काकांना फोनवर वाचून दाखवलं. म्हणाले, "राहू दे. पण मग उत्तर तू लिही." 'पात्र' राहिलंच, ते चालेल का?

दप्तरी
'पात्र' मुळीच नको. 'सदोष पात्र' वाचून लोकांना गळकं पातेलं आठवेल. शिवाय मराठीत पात्र म्हणजे लायकही. शिवसेना फुटल्यावर दीड वर्ष आमदार अपात्रतेच्या बातम्या चालल्या, आणि 10 जानेवारी 2024 ला विधानसभा अध्यक्षांनी विधानभवनात निकाल वाचला, तेव्हा मुंबईतल्या पानवाल्यालाही पात्र-अपात्र पाठ झालं होतं. देवाने पात्र ठरवलं असं छापलंत तर ते नैतिक दाखल्यासारखं होईल, आणि तोच तर वाद आहे. 'मातीची भांडी' हा बायबलमधला शब्द बरा आहे, पण येशूच्या प्रेषित पौलाने तो स्वतःसकट आपल्या माणसांसाठी वापरलाय, राजासाठी नाही.

गिरगाव
एक उदाहरण कुणीच घेतलं नाही म्हणून लिहितो. ते तर इथलंच आहे, फ्लोरा फाउंटनपासून चालत जाण्याच्या अंतरावर. 22 जुलै 1908, राजद्रोहाचा खटला, ज्यूरीने टिळकांना दोषी ठरवलं. न्यायमूर्तींनी काही बोलायचंय का विचारलं. टिळक म्हणाले, की ज्यूरीने काहीही ठरवलं तरी मी निर्दोष आहे, माणसांचं आणि राष्ट्रांचं भवितव्य ठरवणाऱ्या श्रेष्ठ शक्ती आहेत, आणि मी मोकळा राहण्यापेक्षा माझ्या कष्ट सोसण्यानेच माझ्या कार्याचा उत्कर्ष व्हावा अशी कदाचित ईश्वरी योजना असेल. सहा वर्षं काळं पाणी झालं, मंडालेला गेले. ते शब्द आज उच्च न्यायालयातच पाटीवर कोरलेले आहेत.

यातला 'कदाचित' बघा. मूळ इंग्रजीतही तो आहे. देवाची योजना आपल्याला कळली असा दावा नाही, आणि योजनेतून आपल्या वाट्याला काय येणार तर तुरुंग. शिवाय बोलताना समोर सत्तेची खुर्ची नाही, आरोपीचा पिंजरा आहे. टिळकांवर टीका करण्यासारखं पुष्कळ आहे, सामाजिक सुधारणांच्या बाबतीत तर फारच, आणि ती गिरगावातही होते. पण 'निमित्त' हा शब्द शोभतो तो अशा जागी. 'देवाने मला वाचवलं' किंवा 'देवाने मला पाठवलं' हे सत्तेच्या खुर्चीतून ऐकलं की माझ्या कानाला खुपतं. मग बोलणारा वॉशिंग्टनचा असो की आपला. 2024 च्या लोकसभा प्रचारात आपल्या पंतप्रधानांनीही परमात्म्याने मला पाठवलंय, अशा अर्थाचं मुलाखतीत सांगितलं होतं.

मुलुंड पूर्व
गिरगाव, पंतप्रधानांच्या बोलण्यात अहंकारच होता असं कशावरून? श्रद्धाळू माणूस आपली ताकद आपली मानत नाही, देवाची मानतो. त्यात नम्रताही असू शकते. घरात आजी म्हणायचीच, "देवाने धाडलं म्हणून डॉक्टर वेळेवर आला."

गिरगाव
नम्रता असेलही, नाकारत नाही. पण आजी डॉक्टरबद्दल बोलत होती. डॉक्टर स्वतः म्हणाला असता "मला देवाने धाडलंय, दोन हजार काढा," तर आजीने काय केलं असतं?

परळ
मी देव मानत नाही, त्यामुळे तुमची अर्धी चर्चा मला लागू नाही. पण शब्दांबद्दल बोलायचं तर आपल्या संविधानाने या वादावर एक फार नेटका शब्द काढलाय : ईश्वरसाक्ष. मंत्री शपथ घेतो ती 'ईश्वरसाक्ष'. इंग्रजीत 'देवाच्या नावाने' आहे, मराठीने देवाला साक्षीदार केला. साक्षीदार नेमणूक करत नाही. तो बघतो, आणि वेळ आली तर उलट साक्षही देतो. ज्याला देव नको त्याने गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा करावी, हीही सोय आहे.

देवाला याहून वरची खुर्ची द्यायचा प्रयत्न झाला होता. 17 ऑक्टोबर 1949 ला संविधान सभेत ह. वि. कामत यांनी संविधानाच्या उद्देशिकेची सुरुवात देवाच्या नावाने व्हावी अशी दुरुस्ती मांडली. मतदान झालं, 41 विरुद्ध 68, दुरुस्ती पडली. 'आम्ही, भारताचे लोक' राहिलं. तिथेही विरोध करणारे काही नास्तिक नव्हते, देवाचा विषय मताला टाकूच नये असं म्हणणारेही त्यात होते. महिनाभराने, 25 नोव्हेंबरला, बाबासाहेबांनी सांगितलं, की धर्मातली भक्ती आत्म्याच्या मुक्तीचा मार्ग असेल, पण राजकारणातली भक्ती हा अधःपाताचा आणि शेवटी हुकूमशाहीचा हमखास रस्ता आहे. चैत्यभूमीला दर सहा डिसेंबरला जाणाऱ्या किती पुढाऱ्यांना हे वाक्य पचतं, कुणास ठाऊक.

भांडुपचो
सगळ्यांनी 'निवड निवड' केलं, पण मतदानाच्या दुसऱ्या दिवशी पेपरात शब्द येतो तो 'कौल'. जनतेचा कौल. हा शब्द आमच्या देवळातला, तो निवडणुकीत गेला.

ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी : गावच्या देवळात गुरव पाषाणाला पाणी लावून फुलांच्या पाकळ्या किंवा तांदूळ डावी-उजवीकडे चिकटवतो. मग गाऱ्हाणं. "बा देवा म्हाराजा", आणि मागे सगळे "व्हय म्हाराजा". प्रश्न नेमका लागतो : लग्न या घरात करू की नको, विहीर इथे खणू की तिथे. मग सगळे गप्प. पाकळीखालचं पाणी सुकत जातं, ती कडेने सुटते, लोंबते. बघणाऱ्याचे डोळे दुखतात. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. देवाने नाही म्हणायची सोय कौलात आधीच ठेवलेली असते, म्हणून त्याला कौल म्हणतात. विचारलंच नाही आणि 'देवाने मला निवडला' म्हणून मोकळा झाला, त्याला आमच्याकडे कौल म्हणत नाहीत.

पंचायतीला उभ्या राहणाऱ्या एकाला उजवा कौल मिळाला होता, आणि तो सपशेल आपटला. गुरवाला जाब विचारला तर गुरव म्हणतो, "देवान उभो रवाक कौल दिल्यान, निवडान येवक नाय. तू इचारलंस काय?"

दप्तरी
भांडुपकर, शब्द मूळचा देवळातला नाही. 'कौल' अरबीतून फारसीमार्गे आला. मूळ अर्थ वचन, बोलणं. शिवकाळाच्या आणि पेशवाईच्या कागदांत कौलनामे सापडतात. दुष्काळाने किंवा लष्कराच्या धामधुमीने गाव ओस पडलं, की सरकार पळालेल्या रयतेला कौल द्यायचं : परत या, जमीन कसा, इतकी वर्षं सारा इतकाच घेऊ. देणाऱ्यावर तो बंधनकारक. देवळात तो त्यानंतर गेला असावा.

भांडुपचो
असात. पण मगे आमच्या देवाक सरकारची भाषा शिकवल्यान कोणी, ता पण सांगा.