व्हिक्टोरिया अमेलिना तुम्हाला कुठे भेटली?

सांजवेळ:
युक्रेनची लेखिका व्हिक्टोरिया अमेलिना १ जुलै २०२३ रोजी द्निप्रोच्या रुग्णालयात वारली. वय ३७. चार दिवस आधी, २७ जूनला, क्रामातोर्स्कमध्ये कोलंबियाहून आलेल्या लेखक-पत्रकारांबरोबर ती जेवायला बसली होती आणि रशियाचं इस्कंदर क्षेपणास्त्र त्या रेस्टॉरंटवर येऊन पडलं. एकूण १३ माणसं गेली, त्यात १४ वर्षांच्या जुळ्या बहिणी होत्या.

मराठीत तिच्याबद्दल फारसं काही वाचायला मिळत नाही. पण इथल्या दोन-तीन जणांनी तिला वाचलंय हे मला माहीत आहे, म्हणून हा धागा. ती तुम्हाला कशी सापडली, काय लक्षात राहिलं, ते लिहा. नुसते हात जोडलेले इमोजी नकोत, प्लीज.

भटक्या_लातूरकर:
मी तेव्हा टर्नोपिलला एमबीबीएस करत होतो. फेब्रुवारी २०२२ मध्ये बसने निघालो, शेवटचे काही किलोमीटर बॅगा ओढत चालत शेहिनीची पोलंडकडची सीमा गाठली. थंडी, रेटारेटी, फोनला चार्जिंग नाही. तो सगळा प्रकार टीव्हीवर तुम्ही पाहिलाच असेल.

अमेलिना त्याच दिवसांत उलट्या दिशेने चालली होती. युद्ध सुरू झालं तेव्हा ती मुलाला घेऊन इजिप्तला सुट्टीवर होती. तिथून प्राग, मग पोलंड, आणि मग आत. सगळे बाहेर पडताहेत आणि ही बाई आत जातेय! हे मला खूप नंतर कळलं.

तिची सायरनवरची एक छोटी कविता आहे. देशभर एकदम भोंगा वाजतो तेव्हा जणू सगळ्यांनाच गोळ्या घालायला बाहेर उभं केलंय असं वाटतं, पण नेम एकावरच धरलेला असतो, बहुधा कडेला उभा असलेल्यावर. या वेळी तो तू नाहीस. धोका टळला. बस, एवढीच.

आमच्या होस्टेलच्या तळघरात हेच चालायचं. भोंगा थांबला की व्हॉट्सॲपवर पहिला प्रश्न, कुठे पडलं? खारकीव्ह म्हटलं की खोलीत सगळे जरा सैल व्हायचे. आणि खारकीव्हला आमच्याच जिल्ह्यातली मुलं होती. याच्यावर आम्ही मित्र आजही बोलत नाही. त्या कवितेत मात्र ते सरळ लिहिलेलं आहे.

जुने_कागद:
मी हस्तलिखितांच्या संवर्धनाचं काम करते, त्यामुळे माझी वाट वेगळी. मी आधी वाकुलेंकोच्या डायरीबद्दल वाचलं, त्यातून अमेलिनापर्यंत पोचले.

वोलोदिमिर वाकुलेंको हा कवी आणि मुलांसाठी लिहिणारा. इझ्युमजवळच्या कापितोलिव्का गावात राहायचा. गाव रशियन सैन्याच्या ताब्यात गेल्यावर त्याने डायरी लिहिली, आणि आपल्याला नेणार याचा अंदाज आल्यावर ती परसातल्या चेरीच्या झाडाखाली पुरली. वडिलांना सांगून ठेवलं, आपली माणसं परत आली की त्यांना द्या. मार्च २०२२ मध्ये त्याला उचलून नेलं. सप्टेंबरमध्ये तो भाग सुटला. अमेलिना तोवर युद्धगुन्ह्यांच्या साक्षी नोंदवण्याचं प्रशिक्षण घेऊन 'ट्रूथ हाउंड्स' या संस्थेबरोबर गावोगाव फिरत होती. ती तिथे गेली, वडिलांबरोबर खणलं आणि डायरी काढली. वाकुलेंकोचा मृतदेह इझ्युमच्या जंगलातल्या दफनांमधला, हे डीएनए तपासणीतून नोव्हेंबरमध्ये समजलं.

सहा महिने मातीत राहिलेला कागद म्हणजे काय, ते आम्हाला विचारा. ओल, बुरशी, पानाला पान चिकटलेलं. अशी वही हातात आली की आमच्यासारख्यांनाही आधी घाम फुटतो. अमेलिनाने ती खारकीव्हच्या साहित्य संग्रहालयाकडे सोपवली, ती पुस्तकरूपात यावी म्हणून धडपडली, प्रस्तावना लिहिली. जून २०२३ मध्ये कीव्हच्या पुस्तक महोत्सवात ते पुस्तक आलं. त्यानंतर काही दिवसांतच क्रामातोर्स्क. ती गेली तो १ जुलै वाकुलेंकोचा वाढदिवस. हा योगायोग लोक फार उगाळतात, मला त्यात रस नाही. मला तिचं वडिलांशेजारी बसून माती उकरणं मोठं वाटतं.

आडवळण:
एक विचारू का? सगळे तिला 'कवयित्री' म्हणताहेत, पण ती स्वतः म्हणायची की मी कवी नाही, कादंबरीकार आहे. युद्धाने विरामचिन्हं खाल्ली, कथानक खाल्लं. भाषेवर तोफगोळे पडले, आणि उरलेले तुकडे कवितेसारखे दिसतात, इतकंच. हे म्हणणंही तिने कवितेतच मांडलंय, ही गंमत वेगळी. तिच्या दोन कादंबऱ्या आहेत, त्या कुणी वाचल्यात का इथे?

कॉफीब्रेक:
कादंबऱ्या नाही वाचल्या. पण ती आयटीतली नोकरी सोडून लेखनाकडे आली हे वाचून मी दोन दिवस मॅनेजरकडे वेगळ्याच नजरेने बघत होतो :) नोकरी सोडली नाही, ईएमआय आहे.

दोनेत्स्क प्रांतात न्यूयॉर्क नावाचं खरंच एक गाव आहे. ते तेव्हाही युद्धाच्या आघाडीच्या इतक्या जवळ होतं की तिथे साहित्य महोत्सव भरवायचा म्हणजे लोक वेड्यात काढणार. तिने २०२१ मध्ये तो भरवून दाखवला.

निळी_शाई:
मी थोडं कडू बोलते. युरोपातली लेखिका गेली की धागा निघतो. गाझाच्या हिबा अबू नदावर कुणी काढला? २० ऑक्टोबर २०२३, खान युनिस, घरावर इस्रायलचा हवाई हल्ला, वय ३२. कवी होती, तिच्या कादंबरीला शारजाहचा पुरस्कार होता, शिक्षण बायोकेमिस्ट्रीचं. हिच्यासाठीही तेवढंच वाईट वाटायला हवं ना?

सांजवेळ:
@निळी_शाई, हवंच. मी तिच्या मोजक्याच कविता वाचल्यात, तेवढ्या बळावर धागा काढायला धजले नाही. तुम्ही काढा, पहिला प्रतिसाद माझा.

आडवळण:
बरं, सुरुवात कुठून करू?

जुने_कागद:
'लुकिंग ॲट विमेन लुकिंग ॲट वॉर'. युद्धाच्या नोंदी ठेवणाऱ्या बायकांबद्दल आहे, इंग्रजीतच लिहिलेलं. पुस्तक पुरं व्हायच्या आत ती गेली. संपादकांनी अर्धवट प्रकरणं आणि टिपणं तशीच ठेवली आहेत, त्यामुळे पुढे पुढे मजकूर तुटत जातो, वैतागू नका. २०२५ चं ऑरवेल पारितोषिक त्याला मिळालं. माझ्याकडे प्रत आहे. दादरला येऊन घेऊन जा, पण परत करायची.