सोलापुरातली जुनी पेट्रोल एसयूव्ही: ऑक्टेन, ई-२० आणि पडलेलं ॲव्हरेज

न्यू जर्सीहून

सर्व सभासदांना नमस्कार.

आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या सोलापूरच्या घरी आई-वडिलांसाठी ठेवलेली जुनी पेट्रोल गाडी आहे. आमची २.४ लिटरची एसयूव्ही शहरात ९ किलोमीटर द्यायची, आता ७ वर आली आहे. पंपावर बाबांना सांगतात, १०० ऑक्टेन टाका, ॲव्हरेज वाढेल. इथे ८७ वर भागतं, मग तिथे १०० कशाला? आणि गॅरेजमध्ये नेमकं काय तपासायला सांगायचं?

मिशिगनहून

ताई, आधी दोन्हीकडचे आकडे एका मापात आणू. अमेरिकेतल्या पंपावरचा ८७ हा रॉन आणि मॉन या ऑक्टेन मोजायच्या दोन चाचण्यांची सरासरी असतो. भारतात नुसता रॉन लिहितात. तुमचा ८७ म्हणजे तिकडचा साधारण ९१-९२. शिवाय भारतात साधं पेट्रोल म्हणून आता ई-२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) मिळतं आणि त्याचं मानक ९५ रॉनचं आहे. म्हणजे बाबा तुमच्यापेक्षा जास्त ऑक्टेनचं पेट्रोल आधीच टाकतायत.

ऑक्टेन म्हणजे पेट्रोलची ताकद नव्हे. दाब आणि उष्णता वाढली तरी आपोआप पेट न घेण्याचा तो गुण. ९१ रॉनवर जुळवलेल्या इंजिनात १०० ओतलं तरी जास्त ऊर्जा निघत नाही. अपवाद एकच, पण सोलापुरात तो खरोखर घडतो: मे महिन्यात पारा ४२ च्या वर, गाडी माणसांनी भरलेली, एसी चालू आणि तुळजापूरचा घाट वरच्या गिअरमध्ये. तेव्हा बॉनेटखालून डब्यात खिळे हलवल्यासारखा आवाज आला, तर ते नॉकिंग, म्हणजे पेट्रोल अवेळी आपोआप पेटणं. नॉक सेन्सरला ते कळतं, ईसीयू (इंजिनचा संगणक) ठिणगी उशिरा टाकतो, ताकद कमी होते, पाय जास्त दाबला जातो आणि ॲव्हरेज पडतं. गड्ड्याच्या यात्रेला जानेवारीत येऊन गाडी चालवून पाहिली, तर हा आवाज कदाचित येणारच नाही. म्हणून तपासणी उन्हाळ्यातच करा. ९५ रॉनवरही जुनं इंजिन खडखडत असेल, तर आत साचलेला कार्बन, बंद अडकलेला ईजीआर व्हॉल्व्ह (जळालेला थोडा वायू परत इंजिनात सोडणारी झडप) किंवा चोंदलेला रेडिएटर, यांपैकी काहीतरी आहे. महाग पेट्रोलने तो दोष फक्त झाकला जाईल.

आता ई-२०. जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांना इथेनॉलचा आधार मिळतो ही चांगली गोष्ट, पण लिटरमागे इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या दोन-तृतीयांशच ऊर्जा असते. ई-० (बिनइथेनॉलच्या पेट्रोल) साठी बनवून ई-१० (१० टक्के इथेनॉल) ला जुळवलेल्या चारचाकीत ६ ते ७ टक्के घट होईल, असं नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यात म्हटलं आहे. ९ किलोमीटरवर हे झालं अर्धा-पाऊण किलोमीटर. तुमची घट दोन किलोमीटरची आहे. उरलेली गाडीत शोधायची, पंपावर नाही.

होटगी रोड, सोलापूर

ताई, राम राम. बाबांना सांगा, ‘जनरल सर्व्हिसिंग करा’ असं म्हणू नका. ‘स्कॅनर लावून लाइव्ह डेटा दाखवा’ म्हणा.

पहिला संशय थर्मोस्टॅटवर, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणाऱ्या झडपेवर. इथल्या उन्हाच्या धास्तीने काही मेकॅनिक तो काढूनच टाकतात. मग पाणी कायम रेडिएटरमधून फिरतं आणि हिवाळ्यात किंवा हायवेवर इंजिन हवं तेवढं तापत नाही. ईसीयूला वाटतं इंजिन अजून गारच आहे, म्हणून तो पेट्रोल जास्त सोडत राहतो. पंधरा-वीस मिनिटं चालवल्यावर कूलंटचं तापमान ८० च्या वर जाऊन टिकलं पाहिजे. साठ-सत्तरवर घुटमळत असेल, तर थर्मोस्टॅट नाही किंवा उघडा अडकलाय. नवा बसवा. गाडी तापत असेल तर फॅन, रेडिएटर आणि वॉटर पंप बघा, थर्मोस्टॅट काढणं हा त्यावरचा इलाज नव्हे.

मग ‘लाँग टर्म फ्युएल ट्रिम’ बघा, म्हणजे ईसीयू ठरल्यापेक्षा किती टक्के पेट्रोल जास्त-कमी सोडतोय तो आकडा. ई-२० मुळे तो +४ ते +८ दिसला तर घाबरू नका. १५ च्या पुढे असेल, तर आयडलवर (गाडी उभी, पाय न दाबता) आणि २५०० आरपीएमवर वेगवेगळा वाचा. आयडलवर जास्त आणि रेस दिल्यावर उतरला, तर इनटेकचा रबरी पाइप फुटलाय किंवा गॅस्केटमधून हवा शिरतेय. रेससोबत वाढला, तर एअर फ्लो सेन्सर धुळीने माखलाय किंवा फ्युएल पंप दमलाय. सेन्सर त्याच्याच स्प्रेने साफ करायचा, कार्ब्युरेटर क्लीनरने नाही, आणि आतल्या तारेला बोट लावायचं नाही. पुढचा ऑक्सिजन सेन्सर वयाने सुस्त झाला तरी चेक लाइट लागतेच असं नाही, तेव्हा त्याचा ग्राफ बघा. ०.१ ते ०.९ व्होल्टच्या मध्ये भराभर वरखाली व्हायला हवा.

ब्रेक चाकाला चिकटून राहिला तरी ॲव्हरेज पडतं, हे बहुतेक जण विसरतात. चाक जॅकवर उचलून हाताने फिरवा. जड फिरलं तर कॅलिपरच्या (ब्रेकची डिस्क पकडणाऱ्या भागाच्या) पिना गंजल्यात. पिनांना सिलिकॉन ग्रीसच लावा, साध्या ग्रीसने रबर फुगतं.

टायरची हवा पहाटे, गाडी गार असताना, दारावरच्या स्टिकरप्रमाणे भरा. दुपारी तापलेल्या टायरमध्ये ४-५ पीएसआय जास्त दिसते म्हणून ती सोडू नका. २०डब्ल्यू-५० सारखं घट्ट इंजिन ऑइल घातलं असेल, तर मॅन्युअलमधल्या ग्रेडवर या. एअर फिल्टर बदलल्याने ॲव्हरेज वाढतं, हे कार्ब्युरेटरच्या काळातलं. इंजेक्शनच्या गाडीत पिकअप सुधारतो, पेट्रोल फारसं वाचत नाही.

मोजणी नेहमी एकाच पंपावर, पहिल्या ऑटो कटपर्यंत (पंपाची नळी आपोआप बंद होईपर्यंत) टाकी भरून. टेंभुर्णीपर्यंत ८० च्या वेगाने जाऊन परत या आणि पुन्हा तसंच भरा. दुरुस्ती एका वेळी एकच करा, नाहीतर फरक कशाने पडला ते कळणार नाही.

न्यू जर्सीहून

दोघांचेही आभार. गाडी महिना-महिना उभी असते. त्यानेही फरक पडतो का?

होटगी रोड, सोलापूर

पडतो. इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं, आणि पाणी जास्त झालं तर ते पाण्यासकट टाकीच्या तळाशी बसतं. तळातूनच पंप खेचतो. उभी ठेवायची असेल तर टाकी भरून ठेवा, आणि आठवड्यातून एकदा अर्धा तास बाहेर फिरवा. जागेवर पाच मिनिटं चालू ठेवून उपयोग नाही, त्यात बॅटरीही भरत नाही. जुन्या टाकीतला मळ इथेनॉलने सुटतो, म्हणून ई-२० सुरू झाल्यापासून फ्युएल फिल्टर बदलला नसेल तर आता बदला. बऱ्याच गाड्यांत तो टाकीतच पंपासोबत असतो. उघडाल तेव्हा ओ-रिंग नवी टाका आणि रबरी होज चिरलेत का ते बोटाने दाबून बघा. पेट्रोलचा वास येत असेल तर गाडी त्याच दिवशी गॅरेजला द्या.