साऊथ डकोटा वर्गातल्या चौघींपैकी लढाऊ मॉडेलसाठी कोणती?

बरगडी144

दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकन युद्धनौकेचं 1:144 प्रमाणातलं, रेडिओवर चालणारं आणि दुसऱ्या मॉडेलशी गोळ्या मारून लढणारं मॉडेल करायचं आहे. कार्बन डायऑक्साइडवर 0.177 इंची गोळ्या मारणाऱ्या तोफा, बाल्सा या हलक्या लाकडाची 1/32 इंच जाड कातडी. साऊथ डकोटा वर्गाचा (एकाच आराखड्याच्या चार नौका) फायबरग्लासचा हल, म्हणजे जहाजाचं धड, मिळतोय, त्यामुळे वर्ग ठरल्यात जमा. प्रश्न नावाचा आहे: साऊथ डकोटा, इंडियाना, मॅसॅच्युसेट्स की अलाबामा? साऊथ डकोटावर 5 इंची जोडतोफांचे आठच माउंट (तोफांच्या बैठका) होते, बाकी तिघींवर दहा. म्हणजे ती वरून हलकी, वळताना कमी कलणार, असा माझा अंदाज. बरोबर आहे का? आणि नाव आत्ताच ठरवायला हवं, की हल पुरा करून मग?

गोदीतला

अंदाज उलटा आहे. साऊथ डकोटा फ्लॅगशिप (ताफ्याच्या प्रमुखाचं जहाज) म्हणून बांधली होती, त्यामुळे तिच्या कॉनिंग टॉवरला (जहाज चालवण्याच्या चिलखती मनोऱ्याला) एक मजला जास्त आणि त्या वजनाची भरपाई म्हणून दोन माउंट कमी. मॉडेलमध्ये पोकळ माउंट दोन मिळून पाच-दहा ग्रॅम भरतील. वाढीव मजला अडीच मीटरचा धरला तर 17 मि.मी. उंच, आणि त्याचं वजन माउंटपेक्षा वर बसतं. फायदा शून्य, झालाच तर तोटा.

हल चौघींचा एकच. लांबी 680 फूट, रुंदी 108 फूट 2 इंच, म्हणजे मॉडेल 1.44 मीटर लांब आणि जेमतेम 23 सें.मी. रुंद. पूर्ण भारातलं वजन 45,000 मेट्रिक टनांच्या आसपास. 144 च्या घनाने भागा, 15 किलो येतं. पंधरा किलोत दहा ग्रॅमला कोण विचारतो? कल ठरतो तो बॅटरी आणि गॅसची बाटली तळाला आहे की नाही यावर.

म्हणून निवड फोटोंवर करा. मॅसॅच्युसेट्स फॉल रिव्हरला आणि अलाबामा मोबीलला संग्रहालय म्हणून उभी आहे. साऊथ डकोटा आणि इंडियाना 1960 च्या दशकात भंगारात गेल्या. संग्रहालयातल्या जहाजाचा हवा तो कोपरा फोटोत सापडतो. मी मॅसॅच्युसेट्स घेईन, आणि तीही 1942 ची, कॅसाब्लांकाच्या लढाईच्या वेळची. पुढे प्रत्येक डागडुजीत विमानविरोधी तोफा वाढत गेल्या. 20 मि.मी. तोफांची ती गर्दी मॉडेलवर पहिल्याच फेरीत झडते आणि तुटका तुकडा टरेटच्या (मुख्य तोफांच्या फिरत्या बुरुजाच्या) फटीत अडकला की टरेट फिरत नाही. नावापेक्षा वर्ष महत्त्वाचं. ते सावकाश ठरवा, हलचं काम अडत नाही.

टरेट_तीन

या वर्गापुरतं मान्य, पण "एका वर्गातल्या बहिणी सारख्याच" हा नियम धरून चालू नका. जपानी युद्धनौका फुसो आणि यामाशिरो घ्या. 1930 च्या दशकातल्या फेरबांधणीनंतर फुसोचा तिसरा टरेट पुढे तोंड करून असतो, यामाशिरोचा मागे. त्यामुळे पॅगोडा मनोऱ्याचा (पुलाच्या जागचा मजल्यावर मजला चढवलेला उंच मनोरा) पायाच वेगळा; फुसोचा खाली निमुळता. मनोरा 40 मीटरहून उंच, मॉडेलवर 28 सें.मी.च्या पुढे. तो भरीव केलात तर पहिल्या जोरदार वळणात जहाज आडवं.

जर्मन बिस्मार्क आणि टिरपिट्झमध्ये फरक वजनाचा आहे. पूर्ण भारात 50,300 आणि 52,600 टन, म्हणजे 1:144 ला 16.8 आणि 17.6 किलो. जास्तीचे 800 ग्रॅम तळाला बॅटरीच्या रूपात घालता येतात. तिथे नावाने फरक पडतो, तुमच्या चौघींत नाही.

उपसा

नाव काहीही ठेवा, जहाज बुडतं ते पाण्याने. पाण्याच्या रेषेखाली 25 मि.मी.वर 4.5 मि.मी.चं एक स्वच्छ भोक मिनिटाला साधारण 0.4 लिटर आत घेतं. मिनिटाला 3.8 लिटर उपसणारा पंप म्हणजे नऊ भोकं, दहाव्याला हार. त्यातून बाल्सा स्वच्छ भोक पाडून घेतच नाही, रेषेत चिरत जातो. म्हणून कातडीला बाहेरून पातळ टिश्यू किंवा सिल्कस्पॅन (मॉडेलवर चिकटवायचा पातळ कागद) डोपने (मॉडेलच्या लाखेने) चिकटवा. थर जाड नको, नाहीतर चिलखतच होईल आणि तपासणीत जहाज बाद.

या हलचं पाण्यातलं क्षेत्रफळ 0.23 चौरस मीटरच्या आसपास आहे. म्हणजे आत आलेलं दर पाव लिटर पाणी जहाजाला सुमारे एक मि.मी. खाली नेतं. जहाज 10 मि.मी. बसलं की आधी वर असलेली भोकंही पाण्याखाली येतात, आणि तिथून पुढे सगळं फार झपाट्याने होतं.

रुंद हलमध्ये पाणी डावी-उजवीकडे हिंदकळतं आणि जहाज उलटतं, तेही पुरतं भरण्याआधी. उपाय सोपा: तळ फोमने भरून मध्ये 40 मि.मी. रुंद, 20 मि.मी. खोल पन्हळ सोडा, वर इपॉक्सीचा हात द्या. पंप पन्हळीच्या सर्वांत खोल जागी, मध्यापासून थोडा मागे, कारण भरलेलं जहाज बहुधा शेपटीवर बसतं. पंपाच्या तोंडाला जाळी हवीच. बाल्साचा भुसा पात्यांत गेला की मोटार जाम होते आणि फ्यूज उडतो. पंपाची तपासणी नुसत्या टबात नको. हलमध्ये पाच लिटर ओता आणि घड्याळ लावा.

बरगडी144

सगळ्यांचे आभार. मॅसॅच्युसेट्स, 1942 नक्की. एक राहिलं: शाफ्ट (प्रॉपेलर फिरवणारे दांडे) चार, सुकाणू दोन. मी बाहेरच्या दोन शाफ्टना मोटारी जोडणार आहे, तिथे स्केगमुळे (तळाखालच्या पंखासारख्या उभ्या भागामुळे) शाफ्टची नळी पक्की बसते. चालेल ना?

गोदीतला

जहाज पळेल, वळणार नाही. या वर्गात बाहेरचे शाफ्ट स्केगमध्ये आहेत आणि आतले दोन मधल्या बोगद्यात. नॉर्थ कॅरोलिना या आधीच्या वर्गात उलट, तिथे स्केग आतल्या शाफ्टना. तिचे फोटो बघून हे काम करू नका. सुकाणू ज्या प्रॉपेलरच्या झोतात येतं तोच चालवा. तुमच्याकडे ते आतले. बाहेर नुसते मोकळे फिरणारे प्रॉपेलर बसवा.

आणि आतली नळी अधांतरी वाटत असेल तर तळाला फायबरग्लासची पट्टी देऊन स्ट्रटला (शाफ्टच्या टोकाला धरणाऱ्या आधाराला) 3 मि.मी. पितळी सळई घाला. स्ट्रट सैल राहिला की शाफ्ट थरथरतो, आणि नळीतून येणारं पाणी पंपाला गोळी न लागताच कामाला लावतं.