मदत हवी आहे: लघवीच्या इन्फेक्शनची गोळी नेमकी जाते कुठे?

नमस्कार मंडळी,

आई (वय ६८) साताऱ्याला, मी बंगळुरूला, त्यामुळे सगळी चौकशी फोनवर. गेल्या आठवड्यात तिला लघवीला जळजळ सुरू झाली, रात्री दर अर्ध्या तासाला उठणं. ताप नाही. डॉक्टरांनी लघवी कल्चरला (कोणता जंतू, त्यावर कोणतं औषध चालेल ही तपासणी) पाठवली आणि सिप्रोफ्लॉक्सॅसिन सुरू केलं. तीन दिवसांत काडीचा फरक नाही. मग रिपोर्ट आला: ई. कोलाय हा जंतू, दर मिलीलीटरला एक लाखाच्या वर. सिप्रोपुढे 'आर' (जंतू दाद देत नाही), नायट्रोफ्युरँटोइनपुढे 'एस' (औषध चालेल). आता तीच गोळी, १०० मिग्रॅ, दोन्ही वेळा जेवणानंतर, ५ दिवस.

दुसऱ्याच दिवशी आईचा फोन. "अगं, लघवी कोऱ्या चहासारखी होतेय, कावीळ तर नाही?" डॉक्टर म्हणाले औषधाचाच रंग आहे, चालू ठेवा. ठीक. पण भावाने कुठेतरी वाचलंय की ही गोळी किडनीला चालत नाही, आणि आता घरात दोन पक्ष पडलेत.

प्रश्न भाबडा वाटेल, पण गोळी जाते पोटात, मग तिला मूत्राशयाचा पत्ता कोण सांगतं? आणि जेवणानंतरच का? शिवाय आई मोजून ३ लिटर पाणी पितेय, त्यात औषध वाहून जात नसेल ना? जाणकारांनी कृपया सांगावं.

फार्मावाली:
मी फार्मसीतली, डॉक्टर नाही, हे आधीच सांगते.

गोळीला पत्ता ठाऊक नसतो. आतड्यातून रक्तात शिरायचं आणि रक्त नेईल तिकडे जायचं, एवढंच. फरक पडतो तो कुठे किती साठतं याने. नायट्रोफ्युरँटोइन रक्तात टिकतच नाही, तासाभरात निम्म्याखाली येतं. काही शरीरातच मोडतं, बरंचसं किडनी लघवीत टाकते आणि तिथे ते रक्तापेक्षा कितीतरी दाट होतं. रंग त्याचाच. म्हणून तर न्यूमोनियाला ही गोळी कुणी देत नाही.

जंतूत शिरल्यावर खरी गंमत. जंतूचेच एन्झाइम तिचं जहाल रूप बनवतात, आणि ते डीएनए, प्रथिनं बनवणारे रायबोसोम, समोर येईल त्याची नासधूस करतं. सिप्रोचा रोख मात्र डीएनएचा पीळ सांभाळणाऱ्या एन्झाइमवर. जंतूने तेवढंच बदललं की सिप्रो बाद. इतक्या ठिकाणी एकदम बदल करणं जंतूला जड जातं, म्हणून १९५३ मधली ही गोळी ई. कोलायवर अजून चालते.

जेवणाबरोबर ती सावकाश विरघळते, जास्त शोषली जाते, मळमळही कमी. पाण्याने थोडी पातळ होते, पण जंतूही धुतले जातात. तहानेपेक्षा थोडं जास्त पुरे.

भाऊ अर्धा बरोबर आहे. किडनी मंद असेल तर औषध लघवीत पुरेसं उतरत नाही आणि रक्तात साठतं. क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) केलंय का? आणि थंडी वाजून ताप आला किंवा कमरेच्या वर एका बाजूला दुखलं तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे. इन्फेक्शन किडनीत चढलं असेल तर ही गोळी तिथे पुरत नाही.

गप्पिष्ट:
अवांतर: १९४१ मध्ये ऑक्सफर्डला अल्बर्ट अलेक्झांडर या पोलिसाला पेनिसिलिन देत होते. साठा इतका तुटपुंजा की त्याच्या लघवीतून औषध परत काढून पुन्हा त्यालाच टोचायचे! सुधारत होता, पण साठा संपला आणि बिचारा गेला.

धागाकर्ती:
क्रिएटिनिन ०.९ आहे, म्हणजे ठीक, भाऊ गप्प. पण आत्ता कळलं, आई दोन्ही जेवणांनंतर गुलाबी अँटॅसिड घेते. डॉक्टरांना हे सांगितलंच नव्हतं.

फार्मावाली:
अरे देवा. अँटॅसिडमधले मॅग्नेशियम, अ‍ॅल्युमिनियम सिप्रोला आतड्यातच धरून ठेवतात. अर्थात जंतू 'आर' आहे, तेव्हा एरवीही सिप्रोवर भिस्त ठेवता आली नसती. पण मॅग्नेशियम ट्रायसिलिकेट असेल तर या गोळीचंही शोषण घटतं. बाटलीवर काय लिहिलंय ते बघा आणि डॉक्टरांना कळवा.

धागाकर्ती:
बाटलीचा फोटो पाठव म्हटलंय. चष्मा सापडत नाहीये म्हणते.